ऐच्छिक वर्गणी (ब्रिटिश राज्य पेन्शन)

ब्रिटनमध्ये मुदतीआधी निवृत्त झालेल्यांनी सरकारी पेन्शन पूर्ण मिळावी म्हणून स्वतःहून भरलेली नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी. ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या राज्य पेन्शनची पूर्ण रक्कम मिळायला साधारणपणे ३५ वर्षांची नोंद लागते. १० वर्षेही भरली नसतील तर काहीच मिळत नाही. पेन्शनचे वय ६६ असून २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली की पगारातून होणारी कपात थांबते आणि पुढची सात-आठ वर्षे नोंदीत कोरी राहू शकतात. ती भरून काढायला ‘क्लास ३’ वर्गणी आहे. २०२५-२६ मध्ये तिचा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड होता. दर सगळ्यांना एकच, पण त्यातून पदरात पडणारी पेन्शन मात्र ज्याच्या त्याच्या नोंदीवर ठरते. म्हणून ‘भरावी का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देणे चुकीचे आहे.

ज्याला वर्षे खरोखर कमी पडतात, त्याच्यासाठी हा व्यवहार फार किफायतशीर आहे. २०२५-२६ ची पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड, तिचा पस्तिसावा हिस्सा ६.५८ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे ३४२. भरलेले ९२३ पौंड कर सोडून तीन वर्षांच्या आत वसूल होतात, आणि पुढे ही वाढ हयातभर, महागाईबरोबर चढत मिळते. ‘लवकर मेलो तर?’ ही शंका रास्त आहे, कारण ही पेन्शन सहसा जोडीदाराकडे जात नाही; गंभीर आजार असलेल्याने थांबलेलेच बरे. ‘सरकार नियम बदलेल’ हाही आक्षेप पोकळ नाही. स्त्रियांचे पेन्शनचे वय ६० वरून ६६ वर नेलेच गेले. तरी २०१६ च्या बदलात आधी कमावलेला हक्क बुडवला नाही, त्याचा हिशेब नव्या पद्धतीत धरला गेला, ही गोष्टही तितकीच खरी.

तोटा होतो तो न बघता भरणाऱ्याचा. ज्याची पेन्शन आधीच पूर्ण झाली आहे, त्याने आणखी वर्ष भरले तर एक पेनीही वाढत नाही. उलट, पूर्वी मालकाच्या पेन्शन योजनेमुळे कमी दराने वर्गणी भरलेल्या माणसाला ३५ वर्षे होऊनही रक्कम अपुरी दिसू शकते. २०१६ नंतरची वर्षे त्याच्या उपयोगी पडतात. उत्पन्न तुटपुंजे असेल तर पेन्शन क्रेडिट हे पूरक साहाय्य एकट्या व्यक्तीला आठवड्याला ठरावीक रकमेपर्यंत (२०२५-२६ मध्ये २२७.१० पौंड) नेतेच, त्यामुळे विकत घेतलेली वाढ तिकडे वजा होऊ शकते. म्हणून आधी आपल्या पेन्शनचा सरकारी अंदाज काढून घ्यावा आणि नोंदीतले एकेक वर्ष तपासावे. एखाद्या वर्षात तीनच आठवडे कमी असतील तर ५३ पौंडांच्या आसपास भरून ते आख्खे वर्ष पदरात पडते. सुरुवात तिथूनच करावी. घाईचेही कारण नाही, कारण साधारणपणे मागच्या सहा वर्षांची वर्गणी भरता येते. त्या अवधीत वर्ष फुकटही मिळू शकते. सून नोकरीला जाते आणि पेन्शनचे वय न झालेली आजी बारा वर्षांखालच्या नातवाला सांभाळते, तेव्हा चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्या सुनेला न लागणारे नॅशनल इन्शुरन्सचे क्रेडिट आजीच्या नावावर करून घेता येते. अर्ज मात्र करावा लागतो, आणि तो न केल्याने कित्येक जणी विनाकारण पैसे भरत असतील.

निवृत्तीनंतर भारतात परतणाऱ्यांसाठी, त्यांत मराठी माणसेही आलीच, हिशेब आणखी वेगळा होतो. भारताशी पेन्शनवाढीचा करार नसल्याने इथे राहणाऱ्याची राज्य पेन्शन पहिल्या दिवशीच्या दरावर गोठते. दरसालची वाढ तिला लागत नाही. तीन वर्षांत वसुली होते हे तेव्हाही खरे, पण महागाईपासूनचे संरक्षण हा या वर्गणीचा मोठा गुण इथे उरत नाही. कायमचे पुण्याला यायचे ठरले असेल तर वीस वर्षांनंतर तेवढ्याच पौंडांत काय येईल, हे धरूनच किती वर्षे विकत घ्यायची ते ठरवावे.