दोन काड्या

आधी डोक्यावर काहीतरी घाला. आपण निघालोय तिथे बोडक्या डोक्याने फिरलात तर लोक वळून वळून बघतील. पुरुषांनी काळी गोल हॅट घ्यावी. बायकांना ताटाएवढी, पिसांची, लांब टाचण्यांनी केसांत अडकवलेली हॅट मिळेल. तेवढी मान सांभाळा. बूट मात्र जाड तळाचे हवेत. का, ते उतरल्या उतरल्या कळेल.

उतरा. बर्लिन, 1906. फ्रीडरिशश्ट्रासे नावाचा रस्ता आणि उन्हाळ्यातली भर दुपार.

कळलं बूट कशाला? घोडे! पहिला वास लिदीचा. ताजी लीद, वाळलेली लीद, चाकांखाली भुगा होऊन नाकात शिरणारी लीद. त्यात उन्हाने मऊ पडलेल्या डांबराचा वास मिसळलाय. घोड्यांची दुमजली बस इतक्या जवळून जाते की चाकाचा वारा गुडघ्याला लागतो. डोक्यावर रेल्वेचा पूल आहे. वरून गाडी धडधडत गेली की काजळीचे बारीक कण खाली उतरतात. डोळा चोळू नका, बोटंही काळी झालीत. चौकात ट्रामची घंटा वाजतेय आणि एक पोरगा तुमच्या कानाशीच ओरडतोय. तो दुपारचा पेपर विकतोय. रस्त्यावर ओरडून पेपर विकणं इथे दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं. बातमीलासुद्धा आता चालत्या माणसाला गाठावं लागतं.

जरा थांबून बघा. जमत नाही ना? मागून खांदा लागतो, पुढून छत्रीचं टोक येतं, बाजूने एक बाई टोपली सावरत ढकलून निघून जाते. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभं राहायचा प्रयत्न केला असेल तर ही गर्दी तुमच्या ओळखीची आहे.

ढकलत ढकलत त्या जाड, गोल खांबापाशी या. एर्न्स्ट लिटफास नावाच्या छापखानेवाल्याने 1855 पासून शहरात असे खांब उभे केले, कारण लोक भिंती, कुंपणं, झाडं, काहीच सोडत नव्हते. दिसेल तिथे कागद चिकटवत होते. एक माणूस शिडीवर चढलाय, खालच्या बादलीत खळ आहे. तिचा आंबूस वास घ्या. आकाशकंदिलासाठी घरी शिजवलेली खळ दुसऱ्या दिवशी असाच वास मारायची. रुंद ब्रशने एक फटकारा, कागदाची घडी उलगडली, दुसरा फटकारा, की झालं. कालचं पोस्टर आजच्याच्या खाली गेलं.

आता खांबाकडे नीट पाहा. एका साबणाच्या जाहिरातीत लांबसडक केसांची बाई ढगात तरंगतेय, तिच्या केसांची वेल झालीय, वेलीला फुलं आलीत आणि फुलांतून अक्षरं वळणं घेत निघालीत. शेजारच्या पोस्टरवर कारखाना, कारखान्याच्या चिमण्या, प्रदर्शनात मिळालेली पदकं आणि मालकाचा पत्ता आहे. त्याखाली कुठल्याशा नाट्यगृहाचा कार्यक्रम, इतक्या बारीक टाइपात की नाक लावून वाचावा लागतो. हे काम वाईट आहे असं म्हणू नका. एकेक चित्र घरी नेऊन भिंतीला लावावं इतकं देखणं आहे. पण आता पाठ फिरवा, गर्दी नेईल तिकडे वीस पावलं चाला आणि मला सांगा, साबणाचं नाव काय होतं?

नाही आठवलं. तुमचा दोष नाही. खांबापाशी तुम्हाला तीन श्वासांपुरतं उभं राहता आलं, तेवढ्यात ती वेल कुठे कुठे जाते हे बघण्यातच वेळ गेला.

भूक लागली असेल. हा निळा-पांढरा दर्शनी भाग दिसतोय ना, ते आशिंगरचं बिअरघर. थोड्या फेनिगांत वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं आणि सोबतचे छोटे पाव हवे तितके घ्या, त्याचे पैसे नाहीत. कारकून, विद्यार्थी, गाडीवान, सगळे खांद्याला खांदा लावून उभ्याउभ्या खातायत. कुणालाही बसायला वेळ नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता छापखान्यात चला. होलरबाउम उंड श्मिट हे नाव दारावर दिसेल. आत पाऊल टाकताच पायांखालची जमीन थरथरते. यंत्रं चालू आहेत. उकळलेल्या जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास घशात बसतो. एकीकडे यंत्रांची धग आणि दुसरीकडे ओल्या दगडांचा गारवा, दोन्ही एकाच खोलीत. हे दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतले, पिवळसर, लोण्यासारखे गुळगुळीत. हात फिरवा, पण तो आधी पुसा. बोटाचं तेल लागलं तर तुमचा ठसाच छापून निघेल. तेलाचं आणि पाण्याचं जुळत नाही, या एवढ्याशा गोष्टीवर हा सगळा कारखाना उभा आहे. तेलकट खडूने दगडावर उलटं चित्र काढायचं, डिंक आणि किंचित आम्ल फिरवायचं, पाण्याचा स्पंज मारायचा, मग शाईचा रूळ. शाई फक्त खडूच्या रेघेला धरते. रंग बदलला की दगड बदलला. त्या केसांच्या वेलीतला प्रत्येक रंग म्हणजे एकेक वेगळा दगड आणि कागद दर वेळी केसाइतकाही न हलता त्याच जागी बसला पाहिजे. कोपऱ्यात एक म्हातारा कारागीर आरशात बघून ठिपके देतोय. गालावरची एक सावली उतरवायला त्याने आज सकाळपासून मान वर केलेली नाही.

हा वास आपल्याकडेही होता, बरं का. मळवलीला, लोणावळ्याच्या अलीकडेपलीकडे फिरताना, ज्याच्या खुणा शोधाव्यात असा राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना. 1894 साली मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, श्लायखर नावाचा तंत्रज्ञही जर्मन. तुमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी अशाच दगडांवरून, अशाच थरांवर थर चढवून उतरली. तिथे ते शोभतंच. देवघरापुढे माणूस रोज बसतो, वर्षानुवर्षं बसतो; त्याला पदराच्या काठातलं एकेक नक्षीचं टोक पाठ होतं. इथे खांबापुढे कुणीच बसणार नाही. कारागिरी तीच, दगड तोच. फक्त बघणाऱ्याच्या पायांत फरक.

रात्र झाली. जिना चढा, आवाज न करता. या खोलीत गॅसच्या दिव्याची सूं सूं चालू आहे, हवेत ओल्या रंगाचा वास आहे. टेबलावर वाकलेला तो पोरगेला माणूस लुसियान बर्नहार्ड. जन्मनाव एमिल कान, वय बावीस-तेवीस. प्रीस्टर नावाच्या काडेपेटीच्या कंपनीने पोस्टरची स्पर्धा लावलीय, बक्षीस 200 मार्क, आणि मध्यरात्रीच्या आत पाकिटावर टपालाचा शिक्का पडला पाहिजे.

यापुढची हकिकत बर्नहार्डनेच नंतर सांगितलेली आहे, म्हणून त्याच्या शेजारी उभे राहून ती बघा. त्याची आधीची एक गोष्टही कानात सांगतो. मुलगा असताना त्याने म्यूनिकला नव्या धर्तीच्या सजावटीचं एक प्रदर्शन पाहिलं आणि तो पेटूनच घरी परतला. वडील गावाला गेलेले. त्याने घरातल्या भिंती आणि सामान भडक रंगांनी रंगवून काढलं. वडील परतले आणि घर सुटलं ते कायमचं. रिकामी जागा दिसली की रंगाने भरायची, हा त्या मुलाचा पिंड. आज त्याचे हात काय करतात ते पाहा.

कागदावर आत्ता एक टेबल आहे. त्यावर चौकड्यांचा टेबलक्लॉथ, राखदाणी, राखदाणीत पेटलेला सिगार, सिगारचा धूर, धुरातून नाचत वर जाणाऱ्या पोरी. आणि राखदाणीपाशी, हो, त्या आहेत, दोन काड्या. चित्र छान आहे. तुम्हालाही आवडलं असेल.

दार वाजतं. मित्र आलाय. तो चित्राकडे बघतो आणि सहज विचारतो, सिगारची जाहिरात का?

बर्नहार्डचा चेहरा बघा. तो वाद घालत नाही. ब्रश उचलतो आणि घट्ट रंगाने नाचणाऱ्या पोरी पुसून टाकतो. पोरी गेल्या तर धूर कशाला? धूर गेला. मग सिगार उगाच पडून राहिला, तोही गेला, पाठोपाठ राखदाणी. आता त्या टेबलक्लॉथच्या चौकड्याच डोळ्यात येतात; गेल्या चौकड्या. टेबलाची कडही गेली. गडद, तपकिरीकडे झुकणारा मरून रंग सगळीकडे पसरतो. तुमच्या पोटात खड्डा पडतोय ना? माझ्याही पडतो, दर वेळी. इतक्या तासांचं काम एकेक फटकाऱ्यानिशी जातंय. त्या काड्या मात्र तो मोठ्या करतो, लालभडक, पिवळ्या गुलाच्या. घड्याळ पुढे सरकतंय. वरच्या बाजूला पेन्सिलीने ठोकळेबाज अक्षरं आखतो आणि निळ्याने भरतो: प्रीस्टर. एक शब्द. ना पत्ता, ना पदक, ना ‘उत्तम काड्या’ अशी ग्वाही. रंग पुरता वाळायच्या आत टपाल कचेरीकडे धाव.

आता परीक्षकांची खोली. तंबाखूच्या धुराने डोळे चुरचुरतील. टेबलावर चित्रांची चवड, त्यातलं एकेक उचललं जातंय, हातोहात फिरतंय. दोन काड्यांचं चित्र येतं. कुणीतरी ते उलटून मागे काही आहे का बघतो. मग ते टोपलीत जातं, केरात.

दार उघडून धापा टाकत एक माणूस येतो. उशीर झालेला हा परीक्षक म्हणजे एर्न्स्ट ग्रोवाल्ड, मघाच्या त्या छापखान्याचा व्यवस्थापक. पोस्टर करणाऱ्यांसाठी आणि करवून घेणाऱ्यांसाठी त्याने अनुभवाच्या गोष्टींचं एक पुस्तकही काढलंय. तो निवडलेली चित्रं बघतो, गप्प राहतो, टोपलीकडे वळतो. वाकतो. तेच चित्र बाहेर काढून भिंतीला टेकवतो आणि चार पावलं मागे सरकतो. हे मागे सरकणं विसरू नका. बाकीच्यांनी चित्र हातात धरून पाहिलं होतं. हा एकटाच रस्त्यावर उभा राहिल्यासारखा पाहतो. पहिलं बक्षीस यालाच, असं तो ठासून सांगतो आणि ते त्यालाच मिळतं.

परत रस्त्यावर या. तीच गर्दी, तीच लीद, तोच पोरगा, तसंच ओरडणं. खांबाकडे नका बघू, नुसते चालत राहा. तरी दिसल्या! वेलींच्या आणि पदकांच्या दाटीत गडद रंगाचा एक शांत चौकोन आणि त्यात दोन काड्या. पुढचा गाडीवान घोडा न थांबवता मान वळवतो. त्याला वाचावंही लागलं नाही. वीस पावलं चाला. नाव सांगा.

प्रीस्टर. बघा, आठवलं!

ग्रोवाल्डने त्या पोराला सोडलं नाही. होलरबाउम उंड श्मिटच्या दगडांवरून मग एक बूट आणि ‘श्टिलर’ एवढं नाव निघालं, मानोली सिगारेट निघाली, आडलर टाइपरायटर निघाला. हान्स रूडी एर्ट, यूलिउस गिपकेन्स, यूलिउस क्लिंगर ही मंडळीही त्याच वाटेने चालली. जर्मन लोक या पद्धतीला ‘झाखप्लाकाट’ म्हणतात, म्हणजे वस्तूचं पोस्टर: वस्तू आणि तिचं नाव. पुढे स्वित्झर्लंडच्या भिंतींवर ही वाट आणखी लांब गेली. ओटो बाउमबर्गरने 1923 मध्ये पीकेझेड या कपड्यांच्या दुकानासाठी नुसता एक कोट काढला आणि नाव दिलं ते कोटाच्या आतल्या लेबलवर. जोसेफ म्युलर-ब्रोकमानने 1955 साली झुरिकच्या मैफिलीसाठी बेटहोवेनचा चेहराही काढला नाही, नुसत्या काळ्या कमानी एकाभोवती एक फिरवल्या. मला विचाराल तर यातला एकही माणूस साधेपणाच्या हौसेपायी साधा झालेला नाही. रस्त्यावरच्या माणसाला थांबायला वेळ नाही, हे त्यांनी मनापासून मानलं आणि त्याच्यावर राग धरला नाही.

मघाचा तो म्हातारा कारागीर आठवतो का? मला तो सारखा आठवतो. गालावरची सावली ठिपक्याठिपक्याने उतरवणारे हात आता सपाट रंगाचा दगड भरतील. तेही काम सोपं नाही. सपाट मरूनमध्ये रूळ एका ठिकाणी जरी अडखळला तर डाग लपवायला वेल नाही, फूल नाही, काहीच नाही.

हॅट काढा, घरी आलो. बुटांचे तळ तेवढे बाहेरच पुसा.

बर्नहार्ड 1923 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि 1972 साली वारला. दोन काड्यांचं ते पोस्टर तिथल्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तुमची मुलं-नातवंडं त्या बाजूला राहत असतील, किंवा तुम्हीच कधी गेलात आणि ते भिंतीवर लावलेलं सापडलं, तर ग्रोवाल्डसारखे चार पावलं मागे सरकून बघा. शेजारी उभ्या असलेल्याला सांगा, या इथे, अक्षरांच्या खाली, एक सिगार होता आणि त्याच्या धुरात पोरी नाचत होत्या.