कुटुंबोपासना, ख्रिस्ती

घरातील माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून केलेले गायन, शास्त्रवाचन आणि प्रार्थना. मराठी प्रोटेस्टंट घरांत ती बहुधा रात्रीच्या जेवणाच्या आगेमागे होते. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले एखादे गीत, एक शास्त्रभाग, कोणी तरी स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना, असा तिचा साधा क्रम असतो. वसई-मुंबईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ हा तिचा कणा आहे. ही उपासना म्हणजे रविवारच्या उपासनेची घरगुती, लहान प्रत, असे सहसा मानले जाते. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. चर्च दूर, पाळक दुर्मीळ आणि वेदीवरची भाषा परकी असण्याच्या काळात श्रद्धा टिकली ती बऱ्याच अंशी घरात. म्हणून तिचे नेतृत्व कसे करावे हा प्रश्नही व्यासपीठाच्या नव्हे, घराच्या सोयीने सोडवायला हवा.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, त्यासाठी तीन वर्षांची मुदतही दिली. सतराव्या शतकातली एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. तरीही ग्रंथ उरला, कारण लोकांनी हाताने नकला करून त्या सांभाळल्या. 1907 ची मंगळूरची आवृत्ती अशाच हस्तलिखितांवरून तयार झाली. वसईकडे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या विजयानंतर पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्या आधाराने उभे असलेले मठ ओस पडले. गावोगावचे ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. धर्मगुरूंची संख्या रोडावल्यावर रोजच्या प्रार्थनेचा भार कोणावर पडला असेल, हे वेगळे सांगायला नको.

अहमदनगरकडे (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या काळात हीच गोष्ट निराळ्या वाटेने घडली. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढे नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, पदे आणि भजने रचली. मिशनऱ्यांनी आणलेली भाषांतरित स्तोत्रे चार स्वरांच्या गायनवृंदासाठी आणि ऑर्गनच्या साथीसाठी बेतलेली होती. अभंगाला एक आवाज आणि मागून धरणारे दोन आवाज पुरतात. स्वरलिपी लागत नाही आणि पुस्तक नसले तरी चालते. हिंदू संतपरंपरेचा साज चढवल्याने ख्रिस्ती शिकवण पातळ होते, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि अजूनही ऐकू येतो. त्याला उत्तर व्यवहारातच आहे. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत चाकरमानी आणि अक्षरओळख नसलेली आजी एकत्र गाऊ शकतील, अशी दुसरी कुठली रचना त्या काळी हाताशी होती? छंद मराठी होता, आशय ख्रिस्ताचाच होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दीक्षा नसलेला माणूस शास्त्राचा अर्थ सांगू लागला की चुका होणारच. स्कॉटिश चर्चने 1647 मध्ये कुटुंबोपासनेसाठी एक मार्गदर्शिका संमत केली. पुढे 1829 मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याच परंपरेतले. शास्त्राचे विवरण हे पाळकाचे काम, असे ती मार्गदर्शिका स्पष्ट बजावते. घरात मात्र वाचन व्हावे आणि वाचलेल्याचा उपयोग आपसातल्या संभाषणातून काढावा, असेही ती सांगते. ही विभागणी आजही चोख आहे. घरच्या नेत्याने प्रवचन देऊ नये. वाचावे, एक प्रश्न विचारावा, उत्तरे ऐकावीत आणि अडलेले रविवारी पाळकाला विचारावे. घरी उपासना कंटाळवाणी होते ती बहुतेकदा वडिलांना प्रवचनाची हौस असल्यामुळे.

त्या मार्गदर्शिकेत नेतृत्व कुटुंबप्रमुखाकडे, म्हणजे पुरुषाकडे आहे. मराठी अनुभव तिथे तिला मागे टाकतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पूर्ण झाले. टिळकांचे अपुरे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. शाळेचा रीतसर अभ्यास नसलेल्या बाईने महाकाव्य पुरे केले, तिथे चार वचने वाचून घ्यायला पदवी कशाला हवी? ज्याला नीट वाचता येते आणि कुठे थांबावे ते कळते, त्याने नेतृत्व करावे. कॅथलिक घरांत जपमाळ आजीने सुरू करणे हे तर नेहमीचेच.

मुले असतील तर बैठक दहा-पंधरा मिनिटांची असावी आणि वाचन सलग. रूथचे पुस्तक चार अध्यायांचे आहे, योनाचेही चारच, तेही अवघ्या 48 वचनांचे. चार रात्रींत एक गोष्ट पुरी होते आणि पुढे काय झाले हे मूलच विचारते. वचन पाठ करून घेण्यापेक्षा हे बरे. शब्बाथशाळेत पाठांतर होतेच. हातांना काम हवे. नाताळाआधी गोठा उभारताना मेंढपाळ कुठे आणि मागी लोक कुठे ठेवायचे यावर वाद होऊ द्यावा, मग मत्तय आणि लूक उघडून दाखवावे. मत्तयात मेंढपाळ नाहीत, लूकमध्ये मागी नाहीत. मुलांना हे शोधायला मजा येते. मिझोरममध्ये घरची बाई प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. दानाचा असा धडा प्रार्थनेच्या शब्दांपेक्षा लवकर अंगवळणी पडतो.

मुलांवर श्रद्धा लादली जाते, हा तिसरा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. मोठ्या झालेल्या मुलाला बसण्याची सक्ती केल्यास उपासनेचे सोंग होते आणि भिन्नधर्मीय विवाहाच्या घरात तर नकाराचा मान राखायलाच हवा. पण लहानपणी काहीच न ऐकवणे हीदेखील एक निवडच आहे, आणि ती मुलाने केलेली नसते.

स्थलांतराने प्रश्नाला नवी धार आली आहे. चंडीगढच्या आयटी पार्कात नोकरीला गेलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला रविवारी हिंदी, पंजाबी किंवा इंग्रजी उपासना मिळेल. मार्च 2020 नंतर कोविडमुळे चर्चची दारे बंद झाली तेव्हा गावाकडच्या नातलगांसोबत पडद्यावरून जपमाळ म्हणण्याची सोयही लोकांनी शोधली. मात्र पडद्यासमोर बसणारा श्रोता होण्याचा धोका असतो. अशा घरात टिळकांचे अभंग आणि रमाबाईंचे बायबल कानावर पडायचे तर ते स्वतःच मोठ्याने वाचावे-गावे लागतील. मराठी उपासनेसाठी त्या कुटुंबाला तेवढी एकच जागा आहे.