लेकरांची देवळी

तेरणाकाठच्या गावांत ज्याचं बालपण १९९३ च्या आधी गेलं, त्याला माळवदाचं घर काय ते सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. दगड चिखलात रचून केलेल्या भिंती, जाडी दोन-अडीच फूट, वाड्यांची त्याहून जास्त. आत लाकडाचे खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब. खिडक्या जवळजवळ नसायच्याच. उजेड यायचा तो माळवदाला ठेवलेल्या साण्यातून. आणि त्या जाड भिंतीत जागोजाग खोबणी ठेवलेली असायची. पुस्तकात तिला कोनाडा म्हणतात. आमच्याकडं ती देवळी.

कपाट नावाची वस्तू तेव्हा गावात दोन-चार घरांतच. बाकीच्यांचं कपाट म्हणजे भिंत. एका देवळीत दिवा, एकीत देव, एकीत आजीची चंची, एकीत अण्णांचा दाढीचा वस्तरा, एकीत मायचा आरसा-फणी आणि कुंकवाचा करंडा. प्रत्येक देवळीला मालक होता. जमिनीपासून हात-दीड हातावर जी देवळी असायची, तिच्यात काही ठेवायचं तर मोठ्या माणसाला वाकावं लागायचं. म्हणून ती आपोआप लेकरांकडं यायची. कुणी ठरवून दिली नव्हती. उंचीनंच वाटणी केली होती.

आमच्या घरात ती देवळी माझी आणि थोरल्या बहिणीची मिळून होती. मधे एक फुटकं कौल उभं करून आम्ही हद्द घातली होती. तिच्या बाजूला बोळकी, दगडाचं एवढंसं जातं, चिंध्यांची बाहुली, कापडाच्या पुरचुंडीत गजगे. माझ्या बाजूला वनस्पती तुपाच्या डब्यात गोट्या, सुतारानं दिलेला भोवरा, विटी. दांडू मात्र दाराआड. पाहुण्यानं कधी त्या देवळीत पानाचा डबा टेकवला, तर माय म्हणायची, "ती लेकरांची देवळी हाय, तुमच्यासाठी वर जागा करते." पाहुणा हसायचा आणि डबा उचलायचा.

आता कुणी विचारेल, एवढ्याशा देवळीत दोन लेकरांची खेळणी मावायची कशी? मावायची, कारण बरीचशी खेळणी टिकण्यासाठी नव्हतीच. श्रावणी अमावस्येला पोळा. त्यासाठी ओढ्याच्या मातीचे बैल केले, पूजा झाली, की चार दिवस आम्ही ते खेळायचो. मग शिंग मोडायचं, पाय मोडायचा, आणि पावसात त्याची परत माती व्हायची. संक्रांतीला कुंभाराकडून बोळकी यायची, त्यातली निम्मी होळीपर्यंत फुटायची. ज्वारीची काढणी झाली की धाट सोलून चोया वेगळ्या आणि आतलं भेंड वेगळं काढायचं. चोयांचे दांडे, भेंडाची चाकं, की बैलगाडी तयार. मोडली की चुलीत किंवा जनावरापुढं. उन्हाळ्यात चिंचोके आणि आंब्याच्या कोया. शाळा उघडेपर्यंत त्याही उकिरड्यावर गेलेल्या असायच्या.

म्हणजे वर्षच खेळणी काढायचं आणि वर्षच ठेवून द्यायचं. एका वेळी देवळीत पाच-सहा जिनसांच्या वर काही नसे, आणि जे असे ते सगळं डोळ्यांसमोर असे. १९७२ च्या दुष्काळात तर धाटाची गाडी झालीच नाही. जनावरांच्या दावणीत कडबा नव्हता, तिथं लेकरांना धाट कोण देणार? मी तेव्हा बारा वर्षांचा. त्या साली आमच्या देवळीत गोट्यांचा डबा आणि पाटी एवढंच होतं.

पुस्तकांची गोष्ट वेगळी होती. मातीच्या भिंतीत वाळवी असते, आणि पावसाळ्यात खालची भिंत ओल धरते. म्हणून पाटी देवळीत चालायची, पुस्तक नाही. पुस्तक दप्तरात आणि दप्तर खुंटीला. दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. अण्णांच्या लहानपणी निजामाचं राज्य होतं, वरच्या इयत्तांना उर्दू होतं, आणि घरात शाळेचं पुस्तक एखादंच. मराठवाडा १९४८ साली मोकळा झाला, पुढं गावोगाव शाळा निघाल्या. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, आणि पहिलीपासूनची तिची पुस्तकं आमच्या हातात येऊ लागली.

ती पुस्तकं नीट ठेवायची ती काही फार अभ्यासू होतो म्हणून नाही. बहिणीचं पुस्तक पुढल्या वर्षी मला लागायचं, माझं धाकट्याला, आणि त्याचं झालं की शेजारचा अर्ध्या किमतीत न्यायचा. म्हणून उघडल्या दिवशीच पेपरचं कव्हर चढायचं. उन्हाळ्यात पुस्तकं बांधून लोखंडी पेटीत जायची, आणि कसर लागू नये म्हणून माय मधे कडुलिंबाचा वाळला पाला घालायची. १९७१ साली 'किशोर' मासिक निघालं. आमच्या मास्तरांकडं ते यायचं. वाचून झालेले अंक ते मला द्यायचे, आणि मी सुतळीत ओवून खुंटीला टांगायचो. पुस्तक ठेवायचं ते मागून येणाऱ्यासाठी, हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. चारच्या सुमाराला जमीन हलली. चिखलात रचलेल्या दगडांना एकमेकांचा धर नव्हता. भिंती फुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. आमच्या गावात भिंती फाटल्या, पण माणसं वाचली. शेजारच्या गावाला आम्ही उजाडताच पोचलो. चार दिवस ढिगारे उपसले. पहारीला दगड लागायचे, भांडी लागायची. मधेच पाटी निघायची, भोवरा निघायचा, बोळकी निघायची. एका ठिकाणी पडक्या भिंतीचा खालचा दोन हात भाग तसाच उभा होता, देवळी शाबूत, आणि तिच्यात गोट्यांचा डबा होता तसा. त्या घरातली दोन्ही लेकरं गेली होती. डबा कुणी उचलला नाही.

म्हणून देवळीचं कौतुक करताना मी जपून करतो. देवळी चांगली होती, पण ती ज्या भिंतीत होती त्या भिंतीनं माणसं मारली. ते माळवद परत यावं असं त्या चार दिवसांत तिथं असलेला कुणी म्हणणार नाही.

पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशेबानं कुणाला २५० चौरस फुटांचं घर, कुणाला ४५०, कुणाला ७५०. थोरल्या बहिणीला ४५० चं मिळालं. घरं मजबूत होती. पण भिंत अर्ध्या-पाऊण फुटाची, तिच्यात देवळी कशी निघणार? बळद नाही, खुंटी ठोकायची तर खिळा वाकतो. धान्याची पोती खोलीत आली आणि माणसं अंगणात. आम्हीही आमचं माळवद उतरवलं, आधी पत्रे, मग विटा-सिमेंटचं घर आणि स्लॅब. नव्या घरात टीव्हीला जागा झाली, शोकेसला झाली, डोक्यावर माळा झाला. लेकरांच्या उंचीवर मात्र सपाट भिंत राहिली.

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत खेळणी बदलली. जत्रेतली प्लॅस्टिकची गाडी, पुण्याच्या पाहुण्यांनी आणलेलं विमान, वाढदिवसाच्या बाहुल्या. यातलं काहीच मातीत परत जात नाही. मोडलं तरी राहतं. महागाचं असेल ते खोक्यासकट शोकेसमधे काचेआड जातं, आणि लेकरू बाहेरून बघतं. गावातल्या एका अंगणवाडीत मी पाहिलंय, खेळणी मोडतील म्हणून पेटीला कुलूप. बाकी सगळं मोठ्या टबमधे. घरोघर असे टब आहेत. तळातली एक गाडी पाहिजे म्हणून लेकरू अख्खा टब पालथा करतं, गाडी सापडेपर्यंत ती कशाला पाहिजे होती ते विसरतं, आणि मग पसारा केला म्हणून बोलणी खातं. ढिगाऱ्यात तळाला असलेली वस्तू लेकरासाठी नसल्यातच जमा.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पण तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणतो. त्यात मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर बाईंविषयी वाचलं. १९०७ साली रोममधे त्यांनी गरिबांच्या वस्तीत बालघर काढलं. तिथं कपाटं बुटकी, लेकराला स्वतः उघडता येतील अशी, आणि प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी हे काम मराठी मुलखात आणलं. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, म्हणून अंगणवाडी. महागाच्या साधनांऐवजी त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं वापरली. सरकारची बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ साली आली. वाचताना मला आमची खालची देवळी आठवली. त्या बायांनी विचार करून, अभ्यास करून जे मांडलं, त्यातलं थोडं आमच्या भिंतीत नकळत होतं. नकळत होतं म्हणूनच, भिंत गेली तेव्हा तेही गेलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता आमच्या घरात नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. सुनेची रोजची तक्रार, "मामंजी, पाय ठेवायला जागा नाही." एका अमावस्येला शेतात काम नव्हतं, सगळी खेळणी ओट्यावर ओतली आणि दोघांना घेऊन मोजली. सत्याऐंशी निघाली. मोडकी वेगळी काढून भंगारवाल्याला दिली, त्यातलीही दोन नातवानं परत ओढून घेतली, ती ठेवली. बाकीच्यांच्या तीन वाटण्या करून तीन पोत्यांत भरल्या. एका वेळी एकच पोतं बाहेर, बाकी माळ्यावर. दर अमावस्येला अदलाबदल. पूर्वी जे वर्ष करायचं ते आता आम्ही करतो. महिन्यानं पोतं उघडलं की जुनी गाडीच नवी होते.

माळवद उतरवताना सागाच्या काही फळ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन भिंतीला लावल्या, एक जमिनीपासून हातभर वर, दुसरी दोन हातांवर. लोखंडी अँगल टाकून भिंतीत बोल्टनं घट्ट केल्या. जड ते खाली, हलकं ते वर. फळीखाली कुणाचं अंथरूण पडत नाही. आमच्या भागात झोपल्या लेकराच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही, हा नियम सांगावा लागत नाही. गोट्या, लोहचुंबक, घड्याळाचे गोल सेल असल्या गिळता येणाऱ्या वस्तू मात्र उंचावर, मोठ्यांच्या हाताखाली. पाहुण्यांबरोबर रांगतं लेकरू येतं, ते आधी तोंडातच घालतं.

पुस्तकांसाठी बायकोनं जुन्या लुगड्याला सहा खिसे शिवले आणि ते खुंट्यांना टांगलं. खिशात पुस्तक उभं राहतं आणि कव्हर समोर दिसतं. नातवाला अजून वाचता येत नाही. पुस्तकांची थप्पी लावली तर त्याला नुसत्या कडा दिसतात. चित्र दिसलं तर तो हात घालतो. झालेली पुस्तकं पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून. शाळेची पुस्तकं आता दर वर्षी नवी आणि फुकट मिळतात, मागच्याला त्यांची गरज पडत नाही. पण गोष्टींची पुस्तकं नातीकडून नातवाकडं जातात, आणि ती आपण द्यायची हे तिला कळलंय. कोपरा दुमडला तर ती त्याला रागावते.

पसारा होतो. रोज होतो. पण संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला दोघं वस्तू फळीवर ठेवतात, कारण कुठं ठेवायच्या ते ठाऊक आहे. नाही ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत, एवढा त्यांचा अनुभव झाला आहे.

अडचण येते ती मोठ्यांची. रिकामी फळी दिसली की मोबाइलचा चार्जर, औषधाची पाकिटं, विजेचं बिल, सगळं तिथं येऊन बसतं. परवा पोरानं फवारणीची बाटलीच तिथं टेकवली. मी ती उचलून गोठ्यातल्या कुलुपाच्या पेटीत ठेवली आणि त्याला मायचंच वाक्य ऐकवलं. त्याच्या बालपणी आमच्या घरात देवळी राहिली नव्हती, त्यामुळं त्याला ते नवंच होतं. नातू मात्र जवळच उभा होता. त्यानं फळीवरचं बिलही उचललं आणि बापाच्या हातात दिलं.