हिंसक व्हिडिओ गेम आणि सहवेदना : तीन दशकांचे संशोधन काय सांगते?

मोबाइलच्या पडद्यावर दिवसाकाठी शेकडो ‘शत्रू’ टिपणाऱ्या मुलाचे मन दुसऱ्याच्या वेदनेबाबत बोथट होते काय, हा प्रश्न गेली तीन दशके पालकांपासून न्यायालयांपर्यंत विचारला जात आहे. अलीकडच्या प्रयोगांनी प्रौढांपुरते या प्रश्नाचे बऱ्याच अंशी नकारार्थी उत्तर दिले आहे. ज्यांच्यासाठी तो सर्वाधिक विचारला जातो, त्या मुलांबाबत मात्र हे उत्तर जसेच्या तसे लागू करता येत नाही.

वादाचा उगम

‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा गेम १९९२ मध्ये, तर ‘डूम’ १९९३ मध्ये बाजारात आला. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटने या विषयावर सुनावणी घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या देशात गेमसाठी वयोगटनिहाय मानांकनाची पद्धत सुरू झाली. एप्रिल १९९९ मधील कोलंबाइन शाळेतील गोळीबारानंतर हल्लेखोर ‘डूम’ खेळत असल्याचे पुढे आले आणि चर्चेला धार चढली.

संवेदना बोथट होण्याचा सिद्धान्त

दुसऱ्याची वेदना स्वतःला जाणवणे म्हणजे सहवेदना. रक्तपाताची दृश्ये वारंवार पाहिल्याने ही जाणीव क्षीण होते, असे क्रेग अँडरसन आणि ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. २००७ मधील त्यांच्या प्रयोगात सहभागींना २० मिनिटे गेम खेळायला देऊन नंतर प्रत्यक्ष हिंसाचाराची चित्रफीत दाखवण्यात आली. हिंसक गेम खेळलेल्यांच्या हृदयाची गती आणि त्वचेचा विद्युत प्रतिसाद इतरांपेक्षा कमी आढळला.

२००९ मध्ये त्यांनी ३२० विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. खेळानंतर खोलीबाहेर भांडण होऊन कोणी जखमी झाल्याचा आवाज ऐकवण्यात आला. हिंसक गेम खेळलेल्यांनी मदतीला जाण्यास अधिक वेळ घेतला. तथापि, मदतीला गेलेल्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता.

या प्रयोगांवरील मुख्य आक्षेप कालावधीचा आहे. खेळ संपताच मोजलेला परिणाम काही मिनिटांचा आहे की कायमचा, हे त्यातून स्पष्ट होत नाही.

नवे प्रयोग, वेगळे निष्कर्ष

जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी २०१७ मध्ये याच मुद्द्याला हात घातला. किमान चार वर्षे रोज दोन तास वा अधिक वेळ हिंसक गेम खेळणाऱ्या पुरुषांच्या मेंदूची एमआरआयद्वारे तपासणी करण्यात आली. भावनिक प्रसंगांना मिळालेल्या प्रतिसादात गेम न खेळणाऱ्यांच्या तुलनेत फरक आढळला नाही. हा नमुना मात्र लहान होता.

व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात अधिक काटेकोर प्रयोग मांडला. त्यासाठी हिंसक गेमची फारशी सवय नसलेले ८९ प्रौढ पुरुष निवडण्यात आले. दोन आठवड्यांत एकेका तासाची सात सत्रे झाली. एका गटाने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ मध्ये जास्तीत जास्त पात्रांना ठार करायचे होते. दुसऱ्याने हिंसा वगळलेल्या आवृत्तीत पात्रांची छायाचित्रे टिपायची होती. दुसऱ्या व्यक्तीला विजेचा वेदनादायक झटका बसताना सहभागींच्या मेंदूत काय घडते, हे खेळापूर्वी व खेळानंतर तपासले गेले. सहवेदना घटल्याचा पुरावा मिळाला नाही.

मर्यादा कोणत्या?

सहभागी प्रौढ होते आणि एकूण खेळ सात तासांचाच होता. अनेक मुले इतका वेळ आठवड्याच्या सुटीतच खेळतात. त्यांचा मेंदू अद्याप घडत असल्याने त्यांच्यावरील परिणाम वेगळा असू शकतो. नैतिक कारणांमुळे असे प्रयोग मुलांवर करणेही अवघड आहे.

किशोरांची पाहणी मात्र झाली आहे. ब्रिटनमधील १४ व १५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांच्या २०१९ मधील अभ्यासात हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट करताना, आरडाओरडा किंवा ढकलाढकलीसारख्या वर्तनाशी अल्प संबंध दिसतो, पण गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे नमूद केले.

भारतातील स्थिती

मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घालून काही खेळाडूंना अटक केली. त्याच वर्षी या गेमविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. केंद्राने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली, मात्र त्याचे कारण हिंसा नव्हे, तर देशाचे सार्वभौमत्व आणि सुरक्षा हे होते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा मुख्य रोखही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे.

चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळासारखी यंत्रणा देशात गेमसाठी नाही. ॲप स्टोअरवर गेमसोबत वयोगटाचे मानांकन दिलेले असते. पण ते तपासण्याची जबाबदारी प्रत्यक्षात पालकांवरच येते. संशोधनातील पुरावा मुलांबाबत अपुरा असताना वयोगटाचे हे बंधन पाळणे, हाच तूर्त सावध मार्ग ठरतो.