पवनार व गोपुरी येथील स्मृतिस्थळे

वर्धा जिल्ह्यातील गांधीयुगाशी निगडित अंत्यसंस्कारस्थळे. पवनार वर्ध्यापासून नागपूर मार्गावर, धाम नदीकाठी आहे. १९३८ मध्ये प्रकृती ढासळलेले विनोबा भावे येथील उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले आणि त्याचे परंधाम आश्रमात रूपांतर झाले. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा अंश धाममध्ये विसर्जित झाला. त्या जागी छत्री आहे. १२ फेब्रुवारीला येथे सर्वोदय मेळा भरतो. १९५९ मध्ये विनोबांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. अखेरच्या आजारात अन्न, पाणी व औषध नाकारून त्यांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच देह ठेवला. नदीकाठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

वर्ध्याजवळील गोपुरीत जमनालालांनी अखेरचे दिवस गोसेवेला वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर येथेच दहन झाले. त्या वेळी पत्नी जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेला अर्पण केली. याच परिसरातील गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या ‘गीताई’चे (गीतेच्या मराठी पद्यानुवादाचे) अठराही अध्याय तेथे उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. १९८० मध्ये खुद्द विनोबांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले.