दिसणारी देवनागरी आणि वाचली जाणारी देवनागरी

आंतरजालावरील मराठीचा इतिहास सांगताना आपण बहुधा लिहिणाऱ्यांपासून आरंभ करतो. आम्हांला तो वाचणाऱ्यांपासून, त्यांतही डोळ्यांनी न वाचणाऱ्यांपासून, सुरू करावासा वाटतो.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रे आंतरजालावर येऊ लागली, तेव्हा देवनागरी दाखवण्याची युक्ती साधी होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेला फाँट वापरायचा. वाचकाला 'क' दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ते एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्हच असे. फाँट उतरवून घेतला नाही, तर पानभर अगम्य चिन्हांची रांग उमटे. डोळस वाचकाला हा मनस्ताप फाँट मिळेपर्यंतच सोसावा लागे. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मात्र फाँट असूनही तीच रांग वाचावी लागे, कारण त्याला चित्र दिसत नाही, मागचा संकेत तेवढा कळतो. अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो अग्रलेख लिहिलाच गेलेला नव्हता.

पानाच्या मांडणीची गतही फार वेगळी नव्हती. एचटीएमएलमधील तक्ता हा आकडेवारीसाठी. पण छापील पानासारखे स्तंभ हवेत म्हणून संकल्पकांनी मजकूरच तक्त्यांच्या चौकटींत कोंबला. सीएसएसची पहिली शिफारस १९९६ची, तरी ब्राउझरांच्या आपापल्या तऱ्हांमुळे ती पुष्कळ दिवस कागदावरच राहिली. जुने काही स्क्रीन रीडर पडद्याची ओळ सरळ आडवी वाचत. त्यामुळे डाव्या स्तंभातील अर्धे वाक्य उजव्या स्तंभातील जाहिरातीला जोडले जाई. १९९९च्या सुगम्यता-मार्गदर्शिकेत मांडणीसाठी तक्ते टाळण्याची सूचना होती. छापील पानाची नक्कल करण्याचा हा सोस आम्हांला समजू शकतो; मराठी साहित्यव्यवहाराला पान म्हणजे कागद, ही सवय होती.

खरा पालट युनिकोडने केला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तीही आपल्याकडील 'इस्की' संकेतावर बेतलेली. विंडोज २०००मध्ये 'मंगल' फाँट आला, २००६ साली एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरचे काम सुरू झाले, आणि 'क' हा दिसण्यापुरता न राहता खरोखर 'क' झाला.

भाषाभ्यासकांना रस वाटावा अशी गुंतागुंत मात्र इथूनच सुरू होते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद मराठीला अनिवार्य आहे. हा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲ'ला तर स्वतंत्र स्थान २००८मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे लेखन 'अ'वर चंद्र चढवून झालेले आहे. शब्दकोशाच्या संपादकाने हा प्रश्न किरकोळ मानू नये.

पानाची भाषा कोणती हे सांगण्याची सोय १९९७च्या एचटीएमएल ४.० मध्येच होती. ती न वापरल्यास यंत्र मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचण्याचा संभव असतो. मग दन्त्य 'च' आणि तालव्य 'च' एक होतात. अर्थात 'जग' हे विश्व की जगण्याची आज्ञा, हे सुजाण यंत्रालाही संदर्भाशिवाय कळायचे नाही. तो दोष यंत्राचा नव्हे, आपल्या लिपीचा.

२०१६च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य रूपात मिळावा, असे शासनाला सांगितले. तरी जुन्या फाँटांतील लेख आजही तसेच पडून आहेत, आणि आपण विद्यार्थ्यांना पाठवतो ती टिपणे पुष्कळदा पुस्तकाच्या पानाचे नुसते छायाचित्र असतात. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. पण ती जोडाक्षरांत चुका करतात, आणि मुद्रितशोधनाला मराठी जाणणारा माणूसच बसावा लागतो. मराठीच्या विभागांना हे काम प्रकल्प म्हणून सहज देता येईल. आधी कवितासंग्रह घ्यावेत, असे आमचे मत आहे. कवितेत ओळ कुठे तुटते हे छायाचित्र दाखवते, पण ऐकणाऱ्यापर्यंत ते पोचवत नाही.