रणगाड्याची सावली

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजेरजवाडे उभे राहतात. रंगाच्या डबीलाहि कांहीं इतिहास असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज मी बोलणार आहें तें रणगाड्यांच्या लहानग्या प्रतिकृतींच्या रंगकामाविषयीं. हा विषय मला केवळ खेळाचा वाटत नाहीं. कारण जी सावली उठावदार करण्यासाठीं हौशी कारागीर रात्रीच्या रात्री कुंचला घेऊन बसतो, तीच सावली नाहींशी करण्यासाठीं प्रत्यक्ष रणांगणावर एके काळीं चित्रकारांना पाचारण करावें लागलें होतें.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. नंदुरबारच्या गणेशमूर्तींना थेट गुजराथेंतहि मागणी असते. श्रावणांत येथील एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यांत डोकावून पाहा. पीतांबराला सर्वत्र सारखा पिवळा रंग देऊन तो थांबत नाहीं. निऱ्यांच्या खोबणींत गडद छटा सोडतो, सोंडेच्या व पोटाच्या उंचवट्यावर फिकी छटा फिरवितो आणि मगच डोळ्यांची आखणी करावयास घेतो. ही विद्या फार जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत हिला 'वर्तना' म्हटलें असून पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. खानदेशच्या सीमेवरील अजिंठ्याच्या लेण्यांत नाकाच्या दांडीवर ओढलेला उजळ फटकारा आजहि चेहरा भिंतीपासून पुढें आणतो.

आतां याच्या नेमकें उलट पाहा. हरिणाची पाठ गडद आणि पोट पांढरें कां असतें? अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकारानें १८९६ सालीं याचें उत्तर दिलें. सूर्यप्रकाश वरून पडून पाठ उजळतो व पोटाखालीं सावली करतो. निसर्ग पाठ काळवंडून व पोट पांढरें करून तो भेदच मिटवितो. उजेड आणि सावली यांचा भेद मिटला कीं शरीराची गोलाई मिटते, आणि समोर उभा असलेला प्राणी दिसेनासा होतो. हें एका चित्रकाराच्या ध्यानांत यावें, यांत मला तरी नवल वाटत नाहीं. सावली घालणारालाच ती काढावी कशी तें कळणार!

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या लढाईंत रणगाडे प्रथम उतरले, तेव्हां त्यांच्या रंगाची योजना सॉलोमन नांवाच्या इंग्रज चित्रकारानें केली होती. चिखलापुढें त्याचे रंग फार दिवस टिकले नाहींत, ही गोष्ट निराळी. पुढें १९४० सालीं ह्यू कॉट या प्राणिशास्त्रज्ञानें किनाऱ्यावरील दोन मोठ्या तोफा रंगविल्या, एक नेहमींच्या पद्धतीनें व दुसरी हरिणाच्या रीतीनें. विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत पहिली ओळखूं आली. दुसरी जवळजवळ दिसेनाशी झाली.

परंतु या सर्वांत हृदयाला भिडणारें उदाहरण १९४४ सालच्या नॉर्मंडीच्या रणांगणावरील आहे. 'शर्मन फायरफ्लाय' नामक रणगाड्यावर १७ पौंडी लांब तोफ बसविली होती, आणि जर्मन गोलंदाज त्या लांब नळीवरून त्याला ओळखून पहिला गोळा त्याच्यावरच टाकीत. मग सैनिकांनीं नळीच्या पुढच्या अर्ध्या भागाची खालची बाजू पांढरी रंगविली. दुरून नळी आंखूड दिसावी व आंतल्या माणसांना आणखी चार क्षण मिळावे, एवढीच त्या पांढऱ्या पट्ट्याची अपेक्षा.

प्रतिकृतींचा उगम मात्र निराळा आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत शाळकरी मुलांकडून हजारों लांकडी विमानें करवून घेतलीं गेलीं. तीं सैनिकांना शत्रूचें विमान ओळखतां यावें म्हणून होतीं. बाह्याकृति कळली कीं काम झालें, म्हणून त्यांना निव्वळ काळा रंग पुरे. हौशीचा बाजार १९६१ च्या सुमारास फुलला. त्या सालीं जपानच्या तामिया कंपनीनें 'पँथर' रणगाडा ३५ पटींनीं लहान करून विकावयास काढला. हा ३५ चा आंकडा तरी कोठून आला? आंत यंत्र चालविणाऱ्या बॅटऱ्या मावाव्यात एवढाच हिशेब!

पण आकार लहान केला म्हणजे सावलीहि लहान होते. वीतभर आडोशाची सावली जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची उरते आणि घरांतील चोहोंकडून येणाऱ्या उजेडांत पुसली जाते. म्हणून बेल्जमचे व्हर्लिंडेन, अमेरिकेचे शेपर्ड पेन यांसारख्या कारागिरांनीं ती हातानें परत आणली. मूळ रंग वाळल्यावर पातळ गडद रंग फटींत व रिबिटांभोंवतीं सोडावयाचा, नंतर त्याच रंगांत थोडथोडा फिका रंग मिसळून वरच्या कडांवर एकावर एक पातळ थर द्यावयाचे, आणि शेवटीं जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून अलगद फिरवावयाचा. आमचा मूर्तिकार याहून निराळें काय करतो?

माझी तक्रार अतिरेकाविषयीं आहे. प्रत्येक कड चमकते आणि प्रत्येक फट काजळासारखी काळी होते, तेव्हां समोर रणगाडा नसून त्याचें सोंग असतें. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. सेंच्युरियन आणि आपला 'विजयंत' तेथें पाहावयास मिळतात. कुंचला हातीं धरणाऱ्यानें तेथें जाऊन पोलादावर उजेड कसा पडतो, तें डोळे भरून पाहून यावें.

आणि फायरफ्लायची नळी रंगवितांना खालच्या बाजूस काळी छटा देऊं नये. असें करणारा त्या सैनिकांचें काम पुसून टाकतो. पांढरा पट्टा जसाच्या तसा ठेवावा, आणि नळीची सावली दाखवावयाचीच असेल, तर ती खालच्या चिलखतावर रंगवावी.